अण्णांची शुगर आणि चार रेणू

रिपोर्ट आला तेव्हा मी कोरेगाव पार्कातल्या एका कॅफेत बसून एका क्लायंटसाठी ‘फिट राहण्याचे दहा फंडे’ लिहीत होतो. समोर कोल्ड कॉफी, तिच्यावर आइस्क्रीमचा मस्त गोळा. फंडा नंबर चार होता, ‘साखर टाळा’. तेवढ्यात मोबाइल किणकिणला. आईने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला होता. तिरका, अर्ध्यात तिचा अंगठा आलेला. तरी दोन आकडे स्पष्ट दिसत होते. एचबीएवनसी ९.८. ट्रायग्लिसराइड्स ३१२. खाली मेसेज : ‘अण्णा म्हणता लॅबवाल्याचं मशीन खराब हाये. तू ये.’

अण्णा म्हणजे माझे वडील. रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा म्हणजे केळीचं आगर. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हा सर्टिफिकेट जणू आपल्याच नावावर निघालंय अशा थाटात अण्णांनी गल्लीत पेढे वाटले होते. (त्यातले किती स्वतः खाल्ले, ते विचारू नका.) चाळीस वर्षं केळी पिकवणाऱ्या माणसाला कुणी ‘केळं जपून खा’ म्हटलं तर तो काय करेल? तो डॉक्टर बदलेल. अण्णांनी दोन बदलले. तिसऱ्याने मात्र सरळ सांगितलं, आता नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, इन्सुलिन सुरू करू.

आणि इथेच गाडी अडली. गावाकडे इन्सुलिनला इन्सुलिन म्हणत नाहीत. ‘सुई’ म्हणतात. ‘सुई लागली’ म्हणजे माणूस गेल्यात जमा. गल्लीतल्या एका काकांना सुई लागली आणि वर्षभरात त्यांचा पाय कापावा लागला. त्याआधी दहा वर्षं त्यांची शुगर मोकाट होती, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सुई तेवढी राहिली. अण्णांचं म्हणणं एकच : ‘मी काही साखर खात नाही. मग साखर वाढलीच काबरं?’

प्रश्न तसा सॉलिड होता. उत्तर मलाही येत नव्हतं. शाळेत ‘सजीवांतील जैविक रेणू’ हा चार मार्कांचा प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता. पुढे मास कॉम केलं. वर्गात एक रेणू होती, तेवढाच माझा रेणूंशी संबंध. पण त्या रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर मोबाइलच्या उजेडात मी तो ऑप्शनचा प्रश्न एकदाचा वाचून काढला. आणि बॉस, पहाटे भुसावळ येईपर्यंत डोक्यात एक गोष्ट फिट्ट बसली. अण्णांचा रिपोर्ट म्हणजे त्या चार मार्कांच्या प्रश्नाचंच उत्तर होतं. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि न्यूक्लिइक आम्लं. माणूस असो, केळ असो, वांगं असो, पाणी आणि थोडे क्षार वगळले तर उरतं ते प्रामुख्याने या चार घराण्यांचंच.

घरी पोचलो तर शेतात भरीत पार्टीची तयारी चाललेली. डिसेंबरात खान्देशात दुसरं होणार काय? जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्येच जीआय मिळालंय, हे इथे नम्रपणे नमूद करतो. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता, त्यात हिरवी-पांढरी लांबडी वांगी भाजत होती. बाजूला आई कळण्याच्या भाकरी थापत होती. अण्णा खाटेवर बसून माझ्याकडे बघत नव्हते.

मी भाकरीपासूनच सुरुवात केली. ‘अण्णा, तुम्ही साखर खात नाही, मान्य. पण भाकरी म्हणजे काय?’

‘भाकरी म्हणजे भाकरी.’

ज्वारीतला स्टार्च, म्हणजे पिष्ट, ही ग्लुकोजची माळ असते. शेकडो-हजारो मणी एकाला एक ओवलेले. जिभेला ती गोड लागत नाही, पण पोटात गेली की मणी सुटे होतात आणि रक्तात उतरतात. भात, पोहे, ब्रेड, आपल्या ऑफिसखालचा वडापाव, सगळ्यांत तीच माळ. म्हणून ‘मी साखर खात नाही’ म्हणणाऱ्याची शुगर वाढू शकते. हे अण्णांना मी केळ्यावरून सांगितलं, कारण ते त्यांचं होमपिच. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के पिष्ट असतं आणि साखर जेमतेम एखादा टक्का. पिकलं की बरोब्बर उलटं. पिष्ट एखादा टक्का उरतं आणि साखर २० टक्क्यांच्या आसपास जाते. बाहेरून कुणी साखर भरत नाही. केळ्यातली विकरं त्या माळा तोडतात, बस्स. अण्णा म्हणाले, ‘मले काय सांगतो? रायपनिंग चेंबरमध्ये गॅस सोडला की चार दिवसांत होतं ते.’ तो गॅस म्हणजे इथिलीन, केळं स्वतःही पिकताना तोच सोडतं. म्हणजे अण्णांना अर्धा धडा आधीपासूनच येत होता. फक्त तो आपल्या पोटालाही लागू आहे, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

गंमत बघा. ज्या पऱ्हाट्या चुलीत जळत होत्या आणि अण्णांच्या अंगावर जो सुती सदरा होता, तेही मुख्यतः ग्लुकोजच. कापसाच्या धाग्यात ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं आणि सेल्युलोज म्हणजे पुन्हा ग्लुकोजचीच माळ. फरक फक्त मणी जोडायच्या गाठीचा. एका पद्धतीने गाठ मारली की भाकरी, दुसऱ्या पद्धतीने मारली की सदरा. ती दुसरी गाठ सोडवायची कात्री माणसाच्या पोटात नाही. गाई-बकऱ्यांकडेही स्वतःची नाही, त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात. माझी सातवीतली भाची चिऊ लगेच म्हणाली, ‘म्हणून बकरीने मामाचा टॉवेल खाल्ला होता!’ अण्णा पहिल्यांदा हसले.

मग नंबर प्रथिनांचा. प्रोटीन म्हटलं की आपल्याला जिम आठवतं, डबा आठवतो, शेक आठवतो. पण शरीरातली बहुतेक कामं करणारी माणसं म्हणजे प्रथिनं. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांच्या माळा, पण सरळ न राहता ठरावीक आकारात दुमडलेल्या. केळ्यातली पिष्ट तोडणारी विकरं प्रथिनं, रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन प्रथिन, आणि ज्याच्या नावाने घरात भांडण चाललं होतं ते इन्सुलिनही प्रथिनच. जाता जाता आईच्या भाकरीबद्दलही सांगून टाकतो. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते उडदात भरपूर असतं. उडदात मिथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. कमी पडणाऱ्या दोन मित्रांनी एकाच पिठात येऊन जॉइंट व्हेंचर केलंय. डब्यातल्या पावडरीवर अडीच हजार खर्च करणाऱ्या माझ्या फ्लॅटमेटला हे मी नंतर सांगितलं. त्याने कळण्याच्या पिठाचं कुरियर मागवलं.

आता तो ९.८ चा आकडा. जिलेबी खाल्लेल्या चिकट हाताने दाराची कडी धरली तर कडीला पाक लागतो ना? रक्तात ग्लुकोज जास्त काळ फिरत राहिलं की ते हिमोग्लोबिनला तसंच चिकटतं. एचबीएवनसी म्हणजे असं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन किती टक्के, त्याचा हिशोब. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांचं पासबुक. आदल्या दिवशी उपास करून यात एंट्री बदलता येत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबऱ्यावर, ६.५ पासून पुढे डायबेटिस. अण्णांच्या हिमोग्लोबिनच्या शंभरातल्या जवळपास दहा रेणूंना पाक लागला होता. ‘म्हणजे मशीन खराब नाही?’ चिऊने विचारलं. अण्णांनी तिला वांगी उलटायला पिटाळलं.

तोवर भरीत झालं. भाजलेली वांगी सोलून बडगीत ठेचलेली, वर हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाचा सढळ हात. तेल म्हणजे घराणं नंबर तीन, स्निग्ध पदार्थ. यांच्याकडे सगळे वाईट नजरेने बघतात, पण आपल्या प्रत्येक पेशीचं कुंपण स्निग्ध रेणूंचंच असतं. ते नसतं तर आपण म्हणजे नुसता रस्सा झालो असतो. शिवाय हे शरीराचं कोठार. एक ग्रॅम पिष्टातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून नऊ. यकृतात ग्लुकोजचा साठा साधारण शंभर ग्रॅम मावतो, स्नायूंत त्याच्या काही पट. ती कोठी भरली की उरलेल्याची यकृत चरबी बनवायला घेतं. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली की झालं ट्रायग्लिसराइड. अण्णांच्या रिपोर्टमधला ३१२ चा आकडा हा नुसता भरितातल्या तेलाचा नव्हता. त्यात भाकरीचा, चहातल्या साखरेचा आणि ‘एकच आहे’ म्हणत खाल्लेल्या पेढ्यांचाही वाटा होता.

इथे अण्णांनी हुकमाचा पत्ता टाकला. ‘मी काय जाडा आहे का?’ नाहीत. अण्णा सडपातळ आहेत, फक्त पोट थोडं पुढे. आणि हा प्रश्न, मित्रांनो, तुमचा-माझाही आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं या विषयावरचं काम जगात गाजलेलं आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, डिट्टो सेम. पण अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी. त्यालाच ‘थिन-फॅट’ इंडियन म्हणतात. त्यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडा-मांसाने बारीक, पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. आणि पोटातली ही चरबी इन्सुलिनचं काम अवघड करते. इन्सुलिन पेशीच्या दारावर टकटक करतं, आतून कुणी ऐकत नाही. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन पाठवतं, पाठवत राहतं, आणि वर्षानुवर्षांनी थकतं.

जेवण झालं. अण्णा गप्प. मला वाटलं, पटलं. छे! ते म्हणाले, ‘पेपरात छाप हे. मी सुई घेणार नाही.’

संध्याकाळी चिऊचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रयोग होता, ‘केळ्यातला डीएनए’. घराणं नंबर चार आपण होऊन घरी आलं. पिकलेलं केळं कुस्करलं, त्यात मीठ-पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड घातलं. साबण तेलकट ताट साफ करतो तसाच पेशीची स्निग्ध कुंपणं विरघळवतो. मग गाळून घेतलं आणि फ्रीजरमध्ये गार केलेलं स्पिरिट ग्लासच्या कडेने हळूच सोडलं. (गॅस बंद ठेवून. उत्साहाच्या भरात घर पेटवू नका.) दोन मिनिटांत वर पांढरे, कापसासारखे तंतू तरंगायला लागले. खाटेवरून उठून अण्णा जवळ आले. चाळीस वर्षं केळी पिकवून त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं.

डीएनए म्हणजे प्रथिनं कशी बनवायची त्याची पोथी. चार अक्षरांत लिहिलेली. आमच्या बागेतली ग्रँड नैन जातीची केळी टिश्यू कल्चरची आहेत. जळगावच्या जैन इरिगेशनने अशी रोपं शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेली. बी नाही, बाप नाही, सगळी झाडं एकाच पोथीच्या झेरॉक्स. म्हणून घड एकसारखे येतात, आणि म्हणूनच रोग आला तर सगळ्यांनाच सारखा धोका. माणसाचं तसं नसतं. आपली पोथी अर्धी आईकडून, अर्धी बापाकडून.

त्या पोथीतलं एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. घड कापायला सातपुड्याच्या पाड्यांवरून माणसं येतात. तिथल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. डीएनएत एका जागी एक अक्षर बदलतं, त्यामुळे हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. बस्स, एवढंच. १९५६ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी प्रथिनातला हा बदल शोधला. या एका बदलामुळे गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि माणूस वेदनेने कळवळतो. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. साधी रक्ततपासणी असते, लग्नाआधी केली तर पुढचं बरंच दुःख टळतं. सिकलसेलमध्ये एचबीएवनसीचा आकडाही दगा देऊ शकतो, तिथे डॉक्टर दुसऱ्या तपासण्या बघतात.

टाइप टू डायबेटिस असा एका अक्षराचा नाही. त्यात पुष्कळ अक्षरांचा थोडा थोडा हात असतो, आणि बाकी आपलं खाणं, बसणं, झोपणं. माझ्या आजोबांना होता, अण्णांना आहे. पुढचं नाव कुणाचं, हे सांगायला ज्योतिषी नको.

अण्णांनी ग्लास उजेडाकडे धरला. ‘यात साखर किती?’ चिऊ खो-खो हसली. पण उत्तर खरंच होतं. डीएनएच्या कण्यातच एक साखर असते, डीऑक्सिरायबोज. डीएनएमधला पहिला ‘डी’ तिचाच. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे साखर आपल्या पोथीतच आहे. मग भांडतो कोणाशी?’

मी संधी साधली. इन्सुलिन हा ५१ मण्यांचा छोटा रेणू. अण्णांच्या शरीरात तो जन्मापासून बनतोय, आता कमी पडतोय. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला तो पहिल्यांदा टोचला, त्याआधी अशी मुलं हमखास दगावत. प्रथिनातल्या मण्यांचा अख्खा क्रम पहिल्यांदा उलगडला तोही इन्सुलिनचाच, त्यासाठी फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं नोबेल मिळालं. १९८२ पासून तर जिवाणूंना मानवी डीएनएची पोथी देऊन अस्सल मानवी इन्सुलिन बनवून घेतात. आणि सुईच काबरं? कारण गोळी करून गिळलं तर पोट त्याला उडदाच्या डाळीसारखं पचवून टाकेल. प्रथिन आहे ना ते!

लेक्चर फर्स्ट क्लास झालं. अण्णांनी जांभई दिली.

तेव्हा स्वयंपाकघरातून आई आली, हात पदराला पुसत. ‘मी एक इचारू? दरवर्षी तुम्ही मातीचा रिपोर्ट आणता. पोटॅश कमी आलं की गोण्या टाकता. तवा कधी म्हणाले का, मशीन खराब हाये?’

खोलीत शांतता. अण्णांनी ग्लास खाली ठेवला. बराच वेळ ते त्या पांढऱ्या तंतूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘उद्या जाऊ डॉक्टरकडे. पण गाडी मी चालवणार.’

चार रेणू, दोन शास्त्रज्ञ, एक नोबेल, आणि मॅच काढली आईने. चालतं.

पुण्याला परतल्यावर मीही गुपचूप रक्त देऊन आलो. आयसीएमआरचा देशभराचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात भारतात सुमारे १०.१ कोटी डायबेटिसवाले आणि १३.६ कोटी उंबऱ्यावरचे असा अंदाज होता. त्या उंबऱ्यावरच्या लाइनीत मी उभा आहे. ५.९. वय अठ्ठावीस, कमर बत्तीस, बैठक दिवसाचे दहा तास. गोळी लागली नाही. पण दुपारच्या जेवणानंतर चालणं, रात्रीचं पार्सल कमी आणि कोल्ड कॉफीला रजा. चालताना स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतात, म्हणजे लिफ्टऐवजी जिना ही चक्क औषधाची पुडी आहे.

मार्चमध्ये अण्णांचा नवा रिपोर्ट आला. ७.४. यावेळी फोटो सरळ होता, अण्णांनी स्वतः काढलेला. खाली मेसेज : ‘तुझा किती?’

होळीला गावी गेलो तर बागेतून येताना त्यांनी एक केळं आणलं, फार न पिकलेलं. सुरीने मधोमध कापलं. अर्धं त्यांनी घेतलं, अर्धं माझ्यापुढे सरकवलं. पूर्वी ते फणी ठेवायचे.

आणि हो, ‘फिट राहण्याचे दहा फंडे’ त्या क्लायंटला दिले एकदाचे. फंडा नंबर चार बदलला. ‘साखर टाळा’ खोडून लिहिलं, ‘वडिलांचा रिपोर्ट मागवा. मग स्वतःचा काढा.’